हॉस्पिटलमधला लाल सिलिंडर: कुठल्या खोलीत कुठला लावायचा आणि नाईटच्या सिस्टरला तो चालवता कसा आला पाहिजे

सोलापुरात सात रस्ता, रेल्वे लाईन्स, मुरारजी पेठ, होटगी रोड ह्या बाजूला फिरलं की थोड्या थोड्या अंतरावर हॉस्पिटलची पाटी दिसते, धाराशिव, लातूर, इकडं विजापूर-गुलबर्ग्यापर्यंतचे पेशंट इथं येतात. त्यातली बरीच छोटी हॉस्पिटलं मूळच्या बंगल्यात नाहीतर दुकानगाळ्यांच्या वर उभी राहिलेली, जिना एक, लिफ्ट एक, पॅसेजमध्ये स्ट्रेचर आणि नातेवाईकांच्या चटया. मी अशाच एका ३० बेडच्या हॉस्पिटलात मेंटेनन्स बघतो, जनरेटर, ऑक्सिजन, एसी आणि भिंतीवरचे आग विझवायचे लाल सिलिंडर सगळं माझ्याकडंच आहे.

काही वर्षांमागं रात्री पावणेतीनच्या सुमाराला आमच्या लेबर रूमबाहेर एसीच्या वायरनं पेट घेतला. ड्युटीवरची सिस्टर धावत गेली, सिलिंडर काढला, पण पिन काही निघेना. ती एका हातानं वरचं हँडल गच्च दाबून दुसऱ्या हातानं पिन ओढत होती, आणि हँडल दाबलेलं असलं की पिन त्यात अडकून बसते, कितीही जोर लावा. वॉचमन मामांनी खालून मेन स्विच पाडला म्हणून वायर विझली. तिची काही चूक नव्हती, तो सिलिंडर कित्येक वर्षं भिंतीवर होता आणि मी एकदाही तो तिच्या हातात दिला नव्हता. त्या रात्रीपासून माझं मोजमाप एकच आहे, नाईटला असलेली सिस्टर किंवा मावशी हा सिलिंडर काढून, उचलून, चालवू शकते का. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबानं आहे.

आधी वही घेऊन पूर्ण हॉस्पिटल फिरा

खरेदी नंतर. आधी एक वही घ्या आणि टेरेसपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक खोलीत जाऊन लिहा की इथं पेट घेईल असं काय आहे. गाद्या, चादरी, पडदे, केसपेपरचे गठ्ठे, औषधांचे खोके हा झाला ए क्लास, म्हणजे जळून राख होणारं. स्पिरिट, सॅनिटायझर, लॅबमधलं झायलीन, जनरेटरचं डिझेल हा बी क्लास. कँटीनचा गॅस सी क्लास. डी क्लास म्हणजे धातूची आग, तिच्याशी आपला सहसा संबंध येत नाही. कढईतल्या तेलाचा एफ क्लास. विजेच्या आगीला वेगळा क्लास नसतो, वीज बंद केली की उरतं ते ए किंवा बी, पण हॉस्पिटलात सुरुवात बहुतेक तिथूनच होते, म्हणून वहीत प्रत्येक खोलीपुढं वायरिंग, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या हे पण लिहा. नातेवाईक तीन-तीन मोबाईल एका बोर्डला लावतात ते लिहा, आणि रिसेप्शनच्या देव्हाऱ्यातली समई-अगरबत्ती पण लिहा, तिच्या शेजारून ऑक्सिजनच्या ट्रॉल्या जातात म्हणून.

ऑक्सिजनचं मात्र मोठ्या अक्षरात लिहा. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. पेशंटचा मास्क बाजूला पडलाय आणि फ्लो चालूच आहे अशी अवस्था राहिली तर गादी-चादरीत तो भरून राहतो, मग साधी ठिणगी सुद्धा भडका होते आणि जी चादर एरवी धुमसत बसली असती ती बघता बघता पेटते. घरातली आग आणि हॉस्पिटलातली आग ह्यात हा मोठा फरक आहे, आणि दुसरा म्हणजे इथली माणसं उठून पळू शकत नाहीत. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटला. दोन्हीकडं आत होते ते जागचे हलूच शकत नव्हते. आणि आग आपल्या गावात येत नाही असं पण नाही, २०२५ च्या मे मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ८ जीव गेले ते अख्ख्या सोलापूरनं पाहिलंय.

सिलिंडरचे प्रकार, आणि प्रत्येकाची खोड

दुकानदार बहुतेक एबीसी पावडरच गळ्यात मारतो, स्वस्त आहे आणि सगळ्यावर चालतं म्हणून. ए, बी, सी ह्या आगींवर चालतं हे खरंय. आतली पावडर असते मोनो अमोनियम फॉस्फेट, ती जळत्या लाकडा-कापडावर वितळून थर धरते त्यामुळं आग परत उसळत नाही. पण ती मारली की दोन सेकंदात खोली पांढरी होते, समोरचं दिसत नाही, दम्याच्या पेशंटला आणि बाळांना श्वास घेणं अवघड होतं, आणि मॉनिटर-व्हेंटिलेटरच्या सर्किटमध्ये जाऊन ओलाव्यासोबत गंज धरते. म्हणजे आग विझते पण लाखांचं मशीन जातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पावडर पॅसेज, जिना, स्टोअर, पार्किंग, जनरेटर इथं ठेवा, आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) ह्यांच्या आत तिला पहिला नंबर देऊ नका.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो काळा भोंगा असलेला. मागं काही उरत नाही, म्हणून मशीन आणि इलेक्ट्रिक पॅनलसाठी उत्तम. खोडी मात्र चार आहेत. भोंगा उणे ७८ अंशाच्या आसपास थंड होतो, उघड्या हातानं तो धरला तर कातडी चिकटून भाजल्यासारखी जखम होते, हात नेहमी दांडीवरच ठेवायचा. दुसरं, छोट्या बंद खोलीत मारला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे आगीबरोबर आपला पण श्वास कोंडतो, तेव्हा मारून झालं की लगेच बाहेर. तिसरं, गादी-कापसाच्या आगीवर तो वरवर विझवतो, आत निखारा राहतो आणि पाच मिनिटांनी परत पेटतो. चौथं, स्टीलची बाटली जाड असते, ४.५ किलोचा म्हणून घेतलेला सीओटू उचलायला गेलं की भरून १२ किलोच्या वर जातो. आमच्या एका सिस्टरला तो हुकवरून काढताच आला नाही. वॉर्डात २ किलोचा ठेवा, मोठा पॅनल रूमबाहेर ठेवा.

क्लीन एजंट म्हणून एक प्रकार मिळतो, गॅसचाच, पण सीओटूइतका गारठा नाही आणि मागं डाग नाही. महाग आहे. आयसीयू, कॅथलॅब (हृदयाच्या तपासणीची खोली), सर्व्हर अशा ठिकाणी एक-दोन घेतले तर पैसे वाया जात नाहीत. वॉटर मिस्ट म्हणजे शुद्ध पाण्याचा अगदी बारीक फवारा, गादी, चादर, अंगावरचे कपडे ह्यासाठी मला तो फार आवडतो कारण पेशंटला इजा कमी आणि निखारा पण थंड होतो. विजेच्या उपकरणावर चालेल असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्यावर मारायचा, नसेल तर नाही. फोम डिझेलसाठी ठीक, चालू विजेवर नको.

आणि ते जुने, ज्यांना वर गुंडी असते आणि ती आपटून फोडायची असते, असे अजून कुठं लटकत असतील तर वॉर्डातून काढून टाका. अख्ख्या हॉस्पिटलात एकाच पद्धतीनं चालणारे सिलिंडर पाहिजेत, पिन आणि हँडल. रात्रीच्या घाबरलेल्या माणसानं दोन पद्धती लक्षात ठेवाव्या ही अपेक्षाच चुकीची.

खोलीप्रमाणं लावणी

जनरल वॉर्डात आत वॉटर मिस्ट किंवा पाण्याचा आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये ४ किंवा ६ किलोचा एबीसी. आयसीयूत सिस्टर स्टेशनपाशी २ किलोचा सीओटू किंवा क्लीन एजंट, सोबत वॉटर मिस्ट. एनआयसीयूत तेच, पण तिथं सिलिंडर आतल्या कोपऱ्यात नाही तर दाराच्या कडेला, कारण तिथं पहिलं काम बाळं बाहेर काढणं आहे.

ओटीत सीओटू एक. पण पेशंटच्या अंगावरचं ड्रेप, म्हणजे ऑपरेशनला पांघरलेलं कापड, पेटलं तर पहिल्यांदा सिलिंडरकडं धावायचं नाही, भूलतज्ज्ञानं ऑक्सिजन बंद करायचा, जळतं कापड ओढून खाली टाकायचं आणि ट्रॉलीवरचं सलाईन ओतायचं, ह्याला काही सेकंद लागतात. स्पिरिटनं साफ केलेली जागा पूर्ण वाळायच्या आधी कॉटरी (विजेवर तापणारं, रक्त थांबवायचं उपकरण) लावली की असे प्रकार होतात, म्हणून ही चर्चा सर्जन आणि ओटी सिस्टर दोघांशी आधीच करून ठेवा. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात जवळपास दिसत पण नाही, फक्त गरम लागतं तेव्हा कळतं.

लॅबमध्ये सीओटू आणि बाहेर पावडर. रेकॉर्ड रूमला पाणी किंवा एबीसी. मेन पॅनलला सीओटू, पण पॅनलच्या शेजारी चिकटून नाही, दाराबाहेर, कारण पॅनलच पेटलं तर त्याच्याजवळ जाऊन सिलिंडर कोण काढणार? ऑक्सिजन मॅनिफोल्डला, म्हणजे जिथं बाटल्या जोडून पाईपात ऑक्सिजन सोडतात त्या खोलीला, सुद्धा बाहेरच्या भिंतीवर, आणि त्या खोलीत तेल-ग्रीसचा हात कुणी लावायचा नाही. कँटीनच्या कढईसाठी वेट केमिकलचा मिळतो, तो नसेल तर किमान मोठं झाकण आणि गॅसचा वॉल्व्ह हाताशी असू द्या, पेटलेल्या तेलावर पाणी अजिबात नको आणि सीओटूचा जोराचा झोत जवळून मारला तरी तेल उडतं.

एमआरआय असेल तर इथं थांबून नीट वाचा. तो मॅग्नेट मशीन वापरात नसलं तरी चालूच असतो, रात्री लाईट गेली तरी चालू. स्टीलचा सिलिंडर आत नेला की तो गोळीसारखा खेचला जातो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला माणूस असाच जिवानिशी गेला. त्या खोलीसाठी नॉन मॅग्नेटिक म्हणून खास बनवलेलाच सिलिंडर घ्या, त्याला वेगळ्या रंगाची पट्टी मारा, आणि पॅसेजमधला लाल सिलिंडर घेऊन कुणी आत शिरू नये म्हणून दारावर चित्र लावा.

विकत घेताना आणि टांगताना

आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली आयएस १५६८३ हा नंबर बघा. बनवल्याचं वर्ष बघा, दोन-तीन वर्षं गोडाऊनला पडलेला माल नवीन म्हणून घेऊ नका. सीओटूच्या मानेवर टेस्टिंगची तारीख कोरलेली असते ती फोटो काढून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑर्डर द्यायच्या आधी एक नमुना मागवा आणि तुमच्याकडची सगळ्यात बारीक चणीची सिस्टर बोलावून तिला उचलायला लावा. तिला जमला तर घ्या.

अंतराचा नियम सोपा आहे, कुठंही उभं राहिलं तरी १५ मीटरच्या आत सिलिंडर पाहिजे, आणि हे अंतर नकाशावर नाही तर पायानं चालून मोजायचं, बेड आणि पार्टिशनला वळसा घालून. उंची अशी की हँडल कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. जागा बाहेर पडायच्या वाटेवर, म्हणजे सिलिंडर घ्यायला जाताना माणूस आपोआप दाराकडंच जातो. समोर स्ट्रेचर, व्हीलचेअर, सलाईनचे खोके लागणार नाहीत म्हणून खाली फरशीवर पिवळा चौकोन रंगवून घ्या, आम्ही रंगवला तेव्हापासून मामा लोक तिथं काही ठेवत नाहीत. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका.

आपल्या गावच्या उन्हाचं वेगळं सांगतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशाच्या वर द्रव राहूच शकत नाही, आणि भरलेल्या बाटलीत तिथून पुढं दाब झपाट्यानं वाढतो, फार झाला की सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस निघून जातो. म्हणून टेरेसवर, पत्र्याखाली, ऊन येणाऱ्या खिडकीत सीओटू नको. जनरेटर बाहेर असेल तर सिलिंडरवर सावली करा.

प्रत्यक्ष चालवायचं कसं

पहिल्यांदा ओरडा. एकटं लढायचं नाही. एकीनं पेशंट हलवायला आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायला लागायचं, दुसरीनं सिलिंडर. वीज असेल तर एमसीबी पाडा. ऑक्सिजनचा झोन वॉल्व्ह (त्या भागाचा ऑक्सिजन बंद करायची चावी) बंद करा, पण तो कुणी बंद करायचा हे आधीच ठरलेलं पाहिजे, आमच्याकडं शिफ्टची इन्चार्ज सिस्टर ठरवते, कारण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला त्याच क्षणी अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लागतो. ऑक्सिजन चालू ठेवून वरून सीओटू मारत बसलात तर तो पुरत नाही, एकीकडून आपण हवा अडवतो आणि दुसरीकडून पाईप तिला खायला घालतो.

आता सिलिंडर. खाली जमिनीवर उभा ठेवा. हँडल सोडा, अजिबात दाबू नका. पिनच्या कडीत बोट घालून थोडं पिळा, प्लॅस्टिकचं सील तुटतं, मग सरळ ओढा. आता उचला. पाठ दाराकडं ठेवून साधारण दोन-अडीच मीटरवर उभं राहा, सीओटू असेल तर अजून थोडं जवळ जावं लागतं. नळी ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी. मग हँडल दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडं, हळूहळू पुढं. सहा किलोचा सिलिंडर सुद्धा पंधरा-वीस सेकंदात संपतो, हे कळलं की लोकांना धक्का बसतो, सगळ्यांना वाटतं पाच मिनिटं चालेल. विझल्यावर पाठ फिरवू नका, तोंड आगीकडं ठेवूनच मागं सरका.

आणि केव्हा चालवायचं नाही ते. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तोवर ठीक. कमरेच्या वर गेली, धूर डोक्यापर्यंत खाली आला, नक्की काय जळतंय कळत नाही, किंवा आग तुमच्या आणि दाराच्या मधे आली, ह्यातलं एक जरी झालं तरी सिलिंडर टाका, पेशंट घ्या, बाहेर या आणि मागचं दार ओढून घ्या. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. एक सिलिंडर संपला आणि विझलं नाही तर दुसरा शोधायला आत पळायचं नाही.

देखभाल

दर महिन्याच्या एक तारखेला फिरा. दाबाचा काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळीला चीर नाही ना, नळीच्या तोंडात कोळ्याचं जाळं नाही ना (हसू नका, आम्हाला दोनदा सापडलंय), बुडाला गंज नाही ना. पावडरचा सिलिंडर उलटा करून हलवा, पावडर सरकल्याचं हाताला कळलं पाहिजे, नाहीतर ती दगड होऊन बसलीय. सीओटूला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो, भरताना लिहिलेल्या गॅसच्या वजनात १० टक्क्यांच्या वर घट आली की रिफिल. प्रत्येक सिलिंडरला ऑइल पेंटनं नंबर टाका आणि कार्डावर तारीख-सही करा.

रिफिलिंगमध्ये फसवणूक होते, नुसतं नवीन स्टिकर लावून परत देतात. माझ्यासोबत एकदा झालंय. उपाय असा की पाठवताना आणि आल्यावर वजन करा, आणि सगळे एकदम पाठवू नका, अर्धे भिंतीवर राहू द्या. सीओटूच्या बाटलीची प्रेशर टेस्ट दर ५ वर्षांनी असते, बाकीच्यांची पुढची तारीख एजन्सीकडून लेबलवर लिहून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणं यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. मी आपल्या गावच्या हिशोबानं लक्षात ठेवतो, एक गड्ड्याच्या जत्रेच्या महिन्यात आणि एक आषाढीच्या आसपास. कागद घेताना एजन्सीच्या माणसासोबत स्वतः प्रत्येक सिलिंडरपाशी जा, रिसेप्शनला बसून सही करू नका.

शिकवणं

रिफिलला पाठवायचे सिलिंडर भरलेले परत पाठवू नका, स्टाफच्या हातून रिकामे करा. पार्किंगमध्ये वारा बघून, पत्र्याच्या ट्रेमध्ये पुठ्ठे आणि थोडं डिझेल पेटवायचं, बादलीभर वाळू शेजारी, आणि एकेकीला बोलवायचं. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो तेव्हा करतो आम्ही, पण एकदा करून भागत नाही कारण स्टाफ बदलत राहतो. दिवसाच्या लोकांना शिकवून मोकळं होऊ नका, नाईटवाल्यांना सकाळी सुट्टी व्हायच्या आधी अर्धा तास थांबवा, चहा-नाष्टा द्या. आणि सांगायचं ते त्यांच्या भाषेत. आमच्याकडं निम्म्या मावशी घरी तेलुगू बोलतात, दोन मामा कन्नड, तेव्हा आमची एक मावशीच बाकीच्यांना तेलुगूत समजावते आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावते. सगळ्यांकडून पिनची गोष्ट तीन वेळा करून घ्या, हँडल सोडून पिन ओढायची. वॉचमन, लिफ्टमन, कँटीनवाले अण्णा, कुणाला वगळू नका.

कधी खरंच वापरावा लागला तर शेवटची दोन कामं. अर्धाच वापरलेला सिलिंडर परत हुकवर टांगू नका, वॉल्व्हमध्ये पावडर अडकून उरलेला दाब एक-दोन दिवसात उतरतो आणि काटा तेव्हा कुणी बघत नाही. आडवा करून ठेवा, लाल चिठ्ठी लावा, त्याच दिवशी रिफिलला द्या आणि त्या हुकवर स्टोअरमधला जादाचा टांगा, त्यासाठी दोन जास्तीचे विकत घेऊनच ठेवा. आणि मशीनवर पावडर पडली असेल तर बायोमेडिकल इंजिनियर येईपर्यंत ते चालू करू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, प्लग काढून तसंच ठेवा.